कलेजीचा रिपोर्ट आणि दगडातली अंडी

मागच्या अंकात पोटातल्या जंतांवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की जंत माणसाच्याही आधीपासूनचे आहेत आणि जनावरांच्या दगड झालेल्या विष्ठेतसुद्धा त्यांची अंडी सापडतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की संपादकांचा फोन आला, "ताई, हा अंक सगळा याच्यावरच करायचा का?" म्हटलं, करू या.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी शास्त्रज्ञ नाही. दांडिया बाजारात राहते. बडोद्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये १९७९ ते २०१४ अशी पस्तीस वर्षं टेक्निशियन होते. त्यातली निम्मी तरी 'स्टूल रूटीन'च्या, म्हणजे विष्ठेच्या नेहमीच्या तपासणीच्या टेबलावर गेली. डब्यांत, आगपेट्यांत, एकदा तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आलेले नमुने मी पाहिलेत. जुन्या विष्ठेचं वाचायची ओढ मला निवृत्तीनंतर लागली. वाचताना सारखं वाटायचं, अरे, हे तर आपलंच टेबल. फरक एवढाच की यांचा पेशंट रिपोर्ट न्यायला येत नाही.

प्रश्न : आमच्या घरी जेवताना अंक वाचायची सवय आहे. मागच्या वेळी सासूबाईंनी ताट सरकवलं. असले विषय घ्यायलाच हवेत का?
— एक वाचक, रावपुरा

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हा अंक जेवणं उरकल्यावर उघडा. विषय मात्र हाच राहील. शेणाने सारवलेल्या अंगणात पंगती उठवलेली माणसं आपण. सासूबाईंनी तर माझ्याहून जास्त सारवलं असेल.

प्रश्न : नातवंडांना घेऊन बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोर पाहायला गेलो होतो. परत येताना वाटेत एकाने अंड्याएवढा तपकिरी दगड दिला आणि 'हे डायनासोरचं शेण' म्हणून सांगितलं. फोटो सोबत पाठवतो आहे. खरं असेल का?
— एक आजोबा, कारेलीबाग

फोटोवरून सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लोक मला अंगावरच्या पुरळाचे फोटो पाठवतात, त्यांनाही मी हेच सांगते.

रैयोली प्रसिद्ध आहे ती अंड्यांसाठी आणि हाडांसाठी. २००३ साली ज्याचं नाव 'राजासॉरस' ठेवलं तो मांसाहारी डायनासोर तिथलाच. पण तिथून जवळ मिळालेला प्रत्येक गुळगुळीत गोटा म्हणजे शेण नव्हे. दगड झालेल्या विष्ठेला विष्ठाश्म किंवा कोप्रोलाइट म्हणतात. जाणकार आधी बाहेरचा आकार बघतात. एका टोकाला चिमटल्यासारखं आहे का, स्क्रूसारखे वेढे आहेत का? शार्क आणि काही जुन्या जातींच्या माशांच्या आतड्यात गोल जिन्यासारखी घडी असते, म्हणून त्यांची विष्ठा पिळलेली निघते. मग आत हाडांचे कपचे, माशांचे खवले, पानांचे तुकडे आहेत का ते बघतात. फॉस्फेट किती, ते तपासतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो नेमका कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडला होता. तुमच्या दगडाची ही शेवटची माहिती तो कोणीतरी उचलला तेव्हाच गेली.

'हा दगड म्हणजे विष्ठा' हे ओळखलं गेलं तेही शेजारामुळेच. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लाइम रीजिस गावात मेरी अ‍ॅनिंग नावाची बाई जीवाश्म शोधून विकायची. तिच्या लक्षात आलं, की लोक ज्यांना 'बेझोअर', म्हणजे जनावराच्या पोटात बनलेले खडे म्हणतात, ते इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यात पोटाच्या जागी सापडतात, आणि फोडले की आत माशांची हाडं आणि खवले निघतात. त्यावरून भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी १८२९ साली कोप्रोलाइट हे नाव दिलं. या बकलंडसाहेबांनी पुढे विष्ठाश्म कापून, घासून, पॉलिश करून जडवलेलं टेबल घरात ठेवलं होतं. त्या टेबलावर पाहुण्यांना चहा मिळायचा का, हे रावपुऱ्याच्या सासूबाईंना नक्की विचारावंसं वाटेल.

आपल्याकडचं मोठं ठिकाण विदर्भात आहे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथल्या विष्ठाश्मांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे जगाला कळलं ते वरोऱ्याच्या शेणातून.

तुमचा दगड नातवाच्या कपाटात राहू द्या. पण पुढच्या वेळी कोणी देऊ केला तर घेऊ नका. आपण घेतो म्हणून ते उचलतात.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. जंत तर मऊ असतात, मग त्यांची अंडी करोडो वर्षं कशी टिकतात? आणि एवढीशी अंडी दगडातून बाहेर कशी काढतात?
— एक विद्यार्थिनी, मांजलपूर

जंत टिकत नाही, अंडं टिकतं, हे तू बरोबर हेरलंस. राउंडवर्मचं, म्हणजे आतड्यातल्या लांब गोल जंताचं अंडं साधारण ६० मायक्रॉनचं असतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मोहरीच्या एका दाण्याच्या रुंदीत तीसेक अंडी ओळीने बसतील. पण कवच असं, की आमच्या लॅबमध्ये फॉर्मॅलिनच्या बाटलीतसुद्धा काही अंड्यांच्या आत वाढ चालूच राहायची! त्या कवचाला कायटिनचा थर असतो, त्याच्या आत मेणासारखा स्निग्ध थर, आणि बाहेरून खडबडीत प्रथिनाचा. याचं कारण उघड आहे. अंडं पोटातून बाहेर पडतं, मातीत पडतं, तिथे ऊन-पाऊस सोसून कोणाच्या तरी तोंडात जाईपर्यंत त्याला थांबायचं असतं. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. इतकी घातल्यावर त्यातली काही चिखलात चटकन गाडली जातात, आणि पुढचं काम खनिजं करतात.

मांसाहाऱ्यांची विष्ठा दगड व्हायला जास्त सोपी. तिच्यात खाल्लेल्या हाडांचं कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, म्हणजे सिमेंट घरचंच. गाई-म्हशींसारख्यांचं शेण त्या मानाने लवकर विस्कटतं.

आता बाहेर काढायची रीत. विष्ठा नुसती वाळलेली असेल, गुहेत किंवा वाळवंटात मिळते तशी, तर ट्रायसोडियम फॉस्फेटच्या अर्धा टक्का द्रावणात तीन दिवस भिजत घालतात. भिंती-फरशा धुवायच्या पावडरींत असतं तेच हे रसायन. १९६० च्या सुमाराला एरिक कॅलन यांनी ही रीत रूढ केली. हजारो वर्षांचा वाळका तुकडा फुगतो, मऊ होतो, आणि वाचलंय असं की वासही परत येतो. मी हे वाक्य वाचलं तेव्हा एकटीच हसले. पस्तीस वर्षं ज्या वासातून सुटायची वाट बघितली, तो हे लोक मुद्दाम परत आणतात.

भिजल्यावर बारीक चाळण्यांतून गाळायचं, गाळ स्लाईडवर घ्यायचा, कव्हर स्लिप ठेवायची आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून बघत यायचं, आपलं शेत नांगरतात तसं. अंडी किती आहेत हे मोजायची त्यांची युक्ती मला फार आवडली. ते लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू मोजून नमुन्यात मिसळतात. समज, पोतंभर तांदळात तू मोजून शंभर राजमे टाकलेस आणि हलवलंस. मूठभर काढले तर दोन राजमे आणि सहा खडे आले. म्हणजे पोत्यात खडे तीनशे. पोतं निवडायची गरज नाही. आमच्या वेळी हे माहीत असतं तर माझा चष्म्याचा नंबर एवढा वाढला नसता.

विष्ठा खरोखरच दगड झालेली असेल तर ती भिजवून उपयोग नाही. मग आम्लात विरघळवतात, नाहीतर उजेड आरपार जाईल इतका पातळ काप घासून काढतात. ब्राझीलच्या दक्षिणेत शार्कचा पिळाचा विष्ठाश्म मिळाला, २७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कापात एका जागी टेपवर्मची, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या जंताची ९३ अंडी गोळा झालेली दिसली. एका अंड्यात वाढणारी अळी होती आणि तिचे चिकटून राहायचे बारीक हूकही दिसत असावेत असं अभ्यासकांनी २०१३ साली लिहिलं. हा शार्क मेला तेव्हा डायनासोर जन्मायचे होते. बेल्जियममध्ये बर्निसार्ट गावी कोळशाच्या खाणीत १८७८ साली इग्वानोडॉन या शाकाहारी डायनासोरचे सांगाडे मिळाले होते, तिथल्या एका डायनासोरच्या विष्ठाश्मातही अंडी आणि अमिबासारख्यांचे कोश मिळाले. ते २००६ साली. म्हणजे दगड सव्वाशे वर्षं हाताशी होता आणि आत कोणी डोकावलं नव्हतं.

प्रश्न : अंडी सापडली म्हणजे ते जनावर आजारी होतं, असं समजायचं का? माझे यजमान म्हणतात, हे सगळे शास्त्रज्ञांचे अंदाज.
— एक गृहिणी, वारसिया

तुमच्या यजमानांना माझी फजिती ऐकवते.

१९८६ असेल. पावसाळा संपत आला होता, लॅबमध्ये जुलाबांची गर्दी. एका ट्रक ड्रायव्हरचा नमुना आला, तक्रार पोटात दुखण्याची. सलाईनमध्ये स्लाईड केली आणि पहिल्याच फील्डला मी खुर्चीत ताठ बसले. मोठ्ठं अंडं. राउंडवर्मच्या दुप्पट लांब, पिवळसर, कवच पातळ, आणि एका टोकाला डबीच्या झाकणासारखं बारीक झाकण. लिव्हर फ्लूक! गुरांच्या यकृतातला चपटा जंत. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं, प्रत्यक्षात कधी नाही. एक नाही, सात मिळाली. सगळ्यांना बोलावून दाखवलं. सुंदर अक्षरात रिपोर्ट लिहिला, खाली दोनदा रेघ मारली.

तासाभराने आमचे म्हातारे फिजिशियन स्वतः जिना उतरून आले. रिपोर्ट हातात, मागे तो ड्रायव्हर. त्यांनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, परवा रात्री काय खाल्लंस? ढाब्यावर कलेजी, साहेब. दोन प्लेट. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बेन, आ तो बकरानो रिपोर्ट छे."

चार दिवस कलेजी बंद करून पुन्हा नमुना घेतला. एक अंडं नाही. बकऱ्याच्या यकृतात जंत होता, त्याची अंडी मसाल्यात शिजली, ड्रायव्हरच्या पोटातून सरळ प्रवास करून माझ्या स्लाईडवर आली. त्याचं दुखणं अल्सरचं होतं. रिपोर्ट खोटा नव्हता, अंडं खरंच होतं, फक्त त्या माणसाचं नव्हतं.

आता इंग्लंडला या. स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळ डरिंग्टन वॉल्स नावाची वस्ती होती, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे करणारी माणसं तिथे राहिली असावीत असं मानतात. तिथले १९ विष्ठाश्म तपासले, पाचांत अंडी मिळाली. त्यातला एक माणसाचा, चार कुत्र्यांचे. माणसाच्या नमुन्यात आणि तीन कुत्र्यांच्या नमुन्यांत लिंबाच्या आकाराची कॅपिलारिया गटाच्या जंताची अंडी होती. अभ्यासकांनी २०२२ साली काय लिहिलं माहीत आहे? की ही माणसं आजारी होती असं नव्हे. त्यांनी गुरांचं यकृत किंवा तसलाच आतला अवयव खाल्ला असावा, नीट न शिजलेला, आणि उरलेलं कुत्र्यांना घातलं असावं. मी ते वाचलं आणि आमचे म्हातारे डॉक्टर डोळ्यांसमोर उभे राहिले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा बकरानो रिपोर्ट! बकऱ्याऐवजी गाय, एवढंच.

त्यातल्याच एका कुत्र्याच्या विष्ठेत माशांमधून येणाऱ्या टेपवर्मची अंडी होती. पण त्या वस्तीत गोडे मासे खाल्ल्याच्या खुणा नाहीत. मग कुत्र्याला तो जंत आला कुठून? जंत पोटात वाढून अंडी घालायला वेळ लागतो. म्हणून त्यांचा निष्कर्ष असा, की कुत्रा दुसरीकडे मासे खाऊन, जंत पोटात घेऊनच तिथे आला होता. मालकाबरोबर जत्रेला आल्यासारखा. मला तर या सगळ्या विषयात हा कुत्रा सगळ्यांत जवळचा वाटतो.

तेव्हा अंडं दिसलं की आजाराचं नाव घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. विष्ठा कोणाची? अंडं खाण्यातून आलं की आतल्या जंताने घातलं? की बाहेरच्या मातीतून मागाहून शिरलं? या तिसऱ्यासाठी नमुना नेहमी आतल्या गाभ्यातून घेतात आणि आजूबाजूची माती वेगळी तपासतात. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लेस्टरमध्ये कार पार्किंगखाली सापडला, तेव्हा त्याच्या कंबरेच्या हाडाजवळच्या मातीत राउंडवर्मची अंडी होती, कवटीजवळच्या मातीत एकही नाही, कबरीबाहेरच्या मातीत अगदी तुरळक. मग खात्रीने म्हणता आलं, की जंत राजाचेच. आणि टेपवर्मची अंडी मिळाली नाहीत, म्हणजे राजाच्या मुदपाकखान्यात मांस नीट शिजत असावं.

आणि खरोखर स्वतःचेच जंत असलेला माणूस हवा असेल तर यॉर्कला जा. १९७२ साली तिथे बँकेच्या इमारतीसाठी खणताना नवव्या शतकातल्या एका माणसाची अख्खी विष्ठा मिळाली, २० सेंटिमीटर लांब. ती आज म्युझियममध्ये काचेत आहे. आत राउंडवर्म आणि व्हिपवर्म दोन्हींची अंडी. हे दोन्ही माणसाच्याच आतड्यात राहून अंडी घालतात, तेव्हा इथे बकऱ्यावर ढकलता येणार नाही. त्याला पोटदुखीही असेल.

यजमानांना सांगा, अंदाज आहेत खरे, पण वाटेल तसे बांधलेले नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. जंतांवरून माणसांचे प्रवास कळतात असं वाचलं. हे कसं?
— एक वाचक, इंदूर

सर, हुकवर्म आणि पिनवर्म शेजारी ठेवून बघा.

पिनवर्मला मातीची गरज नाही. एका मुलाच्या नखातून दुसऱ्याच्या तोंडात, एका अंथरुणातून दुसऱ्या अंथरुणात. म्हणून तो माणसांबरोबर बर्फातूनसुद्धा चालत जाऊ शकतो. अमेरिकेतली पहिली माणसं सैबेरियाच्या गारठ्यातून आली असं मानतात, त्यांच्याबरोबरही. अमेरिकेत युटा राज्यातल्या डेंजर केव्हमध्ये सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत त्याची अंडी मिळाली आहेत. हिशोब जुळतो.

हुकवर्मचं तसं नाही. त्याचं अंडं मातीत पडून फुटायला हवं, अळीला ऊबदार ओलसर माती हवी, मग ती अनवाणी पायातून शिरते. गोठलेल्या जमिनीवर त्याची साखळी तुटते. असं असताना ब्राझीलच्या पियाउई भागात सात हजार वर्षांपूर्वीच्या मानवी विष्ठेत हुकवर्मची अंडी मिळाल्याचं तिथल्या संशोधकांनी जाहीर केलं. लुईझ फर्नांडो फरेरा आणि आदाउतो आराउजो ही यातली मोठी नावं, या विषयाची घडी रिओमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीला त्यांच्यामुळे बसली. त्यांचं म्हणणं, सैबेरियाच्या गारठ्यातून हळूहळू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्यांच्या पोटात हा जंत टिकला नसता, तेव्हा काही लोक समुद्राच्या वाटेने आले असणार. यावर वाद आहे. कोणी म्हणतं किनाऱ्याकिनाऱ्याने भराभर आले असतील, कोणी अंड्यांच्या ओळखीवरच शंका घेतं. हुकवर्मचं अंडं मीही हजारदा पाहिलंय. कवच पातळ, काचेसारखं, आणि त्याच्यासारखी दिसणारी दुसरीही अंडी असतात. एका अंड्यावर होडी बांधावी इतका माझा जीव होत नाही. पण प्रश्न अचूक विचारला आहे, हे मान्य.

उलटा नमुनाही आहे. मांजर-कुत्र्यांत आढळणारा एक राउंडवर्म दक्षिण अमेरिकेत माणसांच्या पाळीव जनावरांबरोबर गेला असं मानत होते. अर्जेंटिनात काटामार्का प्रांतात, उंच कोरड्या डोंगरातल्या खडकाच्या आडोशाला प्यूमा या मोठ्या रानमांजराची वाळलेली विष्ठा मिळाली, सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची. त्यात तोच जंत निघाला, डीएनएसकट. प्यूमाला तो आधीपासूनच होता. माणसावरचा तेवढा आरोप मिटला.

प्रश्न : विश्वामित्रीच्या मगरींची शी पण दगड होईल का? त्यात जंत सापडतील का? पुरात आमच्या सोसायटीत मगर आली होती.
— इयत्ता सातवी, समा

बाळा, तुझा प्रश्न मी पहिला वाचला आणि सगळ्यांत शेवटी ठेवला होता, चवीने उत्तर द्यायला. मग शेवटी एका मोठ्या मुलीचं पत्र आलं, म्हणून तू शेवटून दुसरा.

होऊ शकते. मगरीच्या पोटातलं आम्ल फार जोरदार असतं. हाडंसुद्धा विरघळतात. म्हणून मगरीच्या शीमध्ये हाडांचे कपचे सहसा दिसत नाहीत, केस, पिसं, नखं मात्र न पचता बाहेर येतात. जीवाश्मांत मोठा मांसाहारी विष्ठाश्म मिळाला आणि आत हाडाचा मागमूस नसला, तर अभ्यासकांना आधी मगरीचा संशय येतो. कुत्रं किंवा तरस असतं तर हाडं दिसली असती.

मगरींच्या पोटात त्यांचे त्यांचे राउंडवर्म असतात. तेव्हा अंडी सापडायला हरकत नाही. फक्त शी पडल्यावर शेणकिड्यांनी न्यायच्या आत, पावसाने विरघळायच्या आत ती गाळाखाली जायला हवी. विश्वामित्रीचा पूर गाळ काही कमी टाकत नाही, तुझ्या सोसायटीतल्या गाड्या विचार. बाकी एक कोटी वर्षं तू आणि मी थांबू. आणि काठावर जाऊन नमुना शोधायचा नाही. हे मी नाही, तुझी आई म्हणते आहे असं समज.

प्रश्न : बीएस्सी झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला याच विषयात पुढे जायचंय. घरी काका म्हणतात, शेण हुडकून पोट भरणार का? सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, फतेगंज

काकांना सांग, शेणावर पस्तीस वर्षं पोट भरून, दोन मुलं शिकवून, दांडिया बाजारातल्या वाड्याचं छप्पर दोनदा बदललेली एक बाई तुझ्या ओळखीची आहे.

आपल्याकडे फक्त या विषयाचा वेगळा कोर्स शोधत बसू नकोस. बडोद्यातच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज. जुने पराग आणि वनस्पतींचे सूक्ष्म कण बघायला शिकायचं असेल तर लखनौची बिरबल साहनी संस्था. गवताच्या त्या कामात तिथल्या शास्त्रज्ञ होत्या. पुरातत्त्वातून जा किंवा जीवाश्मांतून, पण त्याआधी ताज्या नमुन्यांवर हात बसव. एखाद्या लॅबमध्ये सहा महिने स्टूल रूटीन कर. पुस्तकातलं अंडं नेहमी देखणं, एकटं आणि मधोमध असतं. खऱ्या स्लाईडवर ते कोंड्याच्या तुकड्याखाली, अर्धवट, चिरडलेलं, शेजारी हवेचा बुडबुडा, आणि तो बुडबुडाच आधी अंडं वाटतो. जुन्या विष्ठेत तर हे दहापट.

आमच्याकडे येणारी नवी मुलं हमखास चुकायची ती परागकणांवर. अन्नातून पराग पोटात जातात, न पचता बाहेर येतात, आणि काही तर राउंडवर्मच्या अंड्यासारखेच गोल, खडबडीत, पिवळे. एकदा एका मुलाने अकरा पेशंटना राउंडवर्म लावले होते, मी सही करायच्या आत सापडलं म्हणून बरं. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी चार फुलांचे पराग स्लाईडवर दाखवायची आणि मगच अंड्यांचा डबा उघडायची.

माझा जुना मायक्रोस्कोप चालू आहे, स्लाईडींची पेटीही आहे. लिव्हर फ्लूकची ती सात अंडीही मी ठेवली होती, त्यातली दोन अजून नीट दिसतात. मंगळवारी चारनंतर ये. येताना जास्वंदीचं एक ताजं फूल आण. आमच्या वाड्यातलं झाड बोअरवेलच्या कामात गेलं.